दोन जागांची बोट: पॉल ओ'डॉनव्हनची लाइटवेट कारकीर्द

जून २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने टोकियो स्पर्धेचा कार्यक्रम ठरवताना रोइंगमधील पुरुषांची लाइटवेट चौघांची शर्यत वगळली आणि तिच्या जागी महिलांची चौघांची शर्यत घेतली. स्त्री आणि पुरुष खेळाडूंची संख्या समान व्हावी हा त्यामागचा हेतू होता आणि त्याला हरकत घेण्याचे काही कारण नाही. मात्र या एका ओळीच्या बदलाने कमी वजनाच्या पुरुष रोइंगपटूंचे गणित पार पालटले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत प्रत्येक देशाला या गटात दोन बोटी उतरवता येत होत्या, चौघांची एक आणि दोघांची एक, म्हणजे एकूण सहा जागा. टोकियोसाठी फक्त दोघांची बोट, अर्थात प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही असलेली लाइटवेट डबल स्कल्स, शिल्लक राहिली आणि सहाच्या दोन जागा झाल्या.

आयर्लंडमधील कॉर्क परगण्यातल्या स्किबरीन या तीन हजारांच्या आत वस्ती असलेल्या गावात तेव्हा एकाच क्लबमध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाचे इतके लाइटवेट पुरुष वल्हवत होते, की रिओच्या सहाही जागा त्या एका क्लबातून भरता आल्या असत्या. पॉल आणि गॅरी ओ'डॉनव्हन हे सख्खे भाऊ, फिंटन आणि जेक मॅकार्थी हे जुळे भाऊ, आणि मार्क ओ'डॉनव्हन व शेन ओ'ड्रिस्कॉल ही आणखी एक जोडी. या सहा जणांपैकी टोकियोच्या शर्यतीत दोघेच बसणार होते. पॉल ओ'डॉनव्हनच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना पदकांची यादी पाहून थांबता येते, कारण ती यादी थक्क करणारीच आहे. पण तिच्यामागे ही दोन जागांची अडचण सतत उभी आहे, आणि माझ्या मते लाइटवेट खेळाडूचे आयुष्य समजून घ्यायचे तर पदकांपेक्षा या अडचणीकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

काट्याचा नियम

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लाइटवेट पुरुषांच्या बोटीत एकाही खेळाडूचे वजन ७२.५ किलोंपेक्षा जास्त चालत नाही आणि सर्वांची सरासरी ७० किलोंच्या वर जाता कामा नये. महिलांसाठी हेच आकडे ५९ आणि ५७ किलो आहेत. दोघांच्या बोटीत याचा अर्थ असा होतो, की एकजण ७२ किलोंचा असेल तर दुसऱ्याला ६८ किलोंवर यावेच लागते. त्यामुळे जोडीदार निवडताना त्याची ताकद, त्याची लय आणि त्याचा स्वभाव यांच्याइतकेच त्याचे वजनही विचारात घ्यावे लागते. वजन एकदाच करून भागत नाही. शर्यत असलेल्या प्रत्येक दिवशी, पहिल्या शर्यतीच्या दोन तास ते एक तास आधीच्या अवधीत, काट्यावर उभे राहावे लागते. प्राथमिक फेरी, रेपेचाज (हरलेल्यांना दुसरी संधी देणारी फेरी), उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी अशा चार दिवशी शर्यत असेल, तर चार वेळा.

कुस्ती किंवा मुष्टियुद्धाशी याची तुलना नेहमी केली जाते, आणि ती अर्धीच बरोबर आहे. कुस्तीगिराला वरच्या गटात जाण्याची सोय असते. रोइंगमध्ये ७२.५ किलोंच्या वर थेट खुला गट आहे, आणि तिथे सहा फूट चार इंच उंचीचे, नव्वद किलोंच्या आसपासचे किंवा त्याहून जड पुरुष बसलेले असतात. मधली पायरी नाही. उंच पण हडकुळ्या शरीराचा, ७६ किलोंचा एखादा तरुण रोइंगमध्ये आला, तर त्याने चार किलो कमी करायचे की पंधरा किलो वाढवायचे, हा प्रश्न त्याच्यासमोर सतराव्या-अठराव्या वर्षीच येतो.

काट्यावर उतरण्यासाठी शेवटच्या दिवसांत जे वजन कमी केले जाते ते बहुतांशी पाण्याचे असते. स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीराने साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, त्यामुळे पिष्टमय पदार्थ कमी केले की वजन झपाट्याने उतरते, पण त्याच वेळी शर्यतीचे इंधनही उतरते. मग काटा आणि शर्यत यांच्यामधल्या तास-दीड तासात पाणी, मीठ आणि साखर शरीरात परत भरायची. ज्यांचे नैसर्गिक वजन मर्यादेच्या जवळपास आहे त्यांना हे जमते. ज्यांचे तीन-चार किलो वर आहे ते शर्यतीच्या आधीच दमलेले असतात. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांग येथे भारताच्या दुष्यंत चौहानने लाइटवेट सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या बोटीत, कांस्यपदक मिळवले तेव्हा अंतिम रेषेनंतर त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले होते. आदल्या दिवसांत सर्दी झालेली आणि शर्यतीपूर्वी पोटात ब्रेडचे दोन तुकडे व एक सफरचंद एवढेच, असे त्याने नंतर सांगितले. त्या पदकाचे आपल्याकडे जिद्दीची कहाणी म्हणून कौतुक झाले आणि ते योग्यच होते, पण त्या दोन तुकड्यांच्या न्याहारीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

हा गट ऑलिंपिकमध्ये आणण्यामागे एक उदार विचार होता. ज्या देशांतील लोकांची शरीरयष्टी लहान आहे त्यांनाही रोइंगमध्ये वाव मिळावा, म्हणून १९७४ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत असलेला हा गट १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. तो हेतू किती साधला हे पाहायचे, तर रिओ, टोकियो आणि पॅरिस या तीन स्पर्धांतील पुरुषांच्या लाइटवेट डबल स्कल्सची नऊ पदके पाहावीत: फ्रान्स, आयर्लंड, नॉर्वे, आयर्लंड, जर्मनी, इटली, आयर्लंड, इटली, ग्रीस. नऊच्या नऊ युरोपात गेली.

स्किबरीन ते रिओ

पॉलचा जन्म १९९४ चा, स्किबरीनजवळच्या लिशीन या वस्तीतला. गॅरी त्याच्यापेक्षा सुमारे दीड वर्षाने मोठा. वडील टेडी ओ'डॉनव्हन यांनी दोघांना लहान वयातच आयलेन नदीवर बोटीत बसवले, आणि पुढे क्लबचे प्रशिक्षक डॉमिनिक केसी यांच्या हाताखाली ते वाढले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या क्लबची जागा साधी आहे आणि नदी भरती-ओहोटीची. तरीही देशातील जुन्या, श्रीमंत, विद्यापीठांशी जोडलेल्या क्लबांना मागे टाकून याच गावाने एकामागून एक ऑलिंपिकपटू दिले. रिओच्या आधीच्या काही ऑलिंपिकमध्येही आयर्लंडच्या लाइटवेट चौघांच्या बोटीत स्किबरीनची मुले बसलेली होती, त्यामुळे लहानग्यांना ऑलिंपिकपटू म्हणजे शेजारच्या घरातला माणूस वाटत असे. केसी यांना २०१८ मध्ये जागतिक रोइंग संघटनेने वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवले. क्रीडा धोरणावर लिहिणारे अनेकजण अशा गावाचे ‘रहस्य’ शोधत बसतात. मला त्यात पिढ्यानपिढ्यांचे सातत्य आणि एका प्रशिक्षकाचा लांबलेला मुक्काम यापलीकडे काही रहस्य दिसत नाही.

२०१५ मध्ये फ्रान्समधील एग्बलेत सरोवरावर झालेल्या जागतिक स्पर्धेत पॉल आणि गॅरी अकरावे आले. रिओसाठी त्या स्पर्धेतून अकरा बोटींना प्रवेश होता. म्हणजे शेवटची जागा त्यांची. पुढच्या मे महिन्यात ब्रांडेनबुर्ग येथे ते युरोपीय विजेते झाले, आणि १२ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या रॉड्रिगो दी फ्रेइतास सरोवरावर त्यांनी रौप्यपदक जिंकले. रोइंगमधील आयर्लंडचे ते पहिले ऑलिंपिक पदक होते. फ्रान्सच्या पिएर उएँ आणि जेरेमी अझू यांनी ६ मिनिटे ३०.७० सेकंदांत शर्यत जिंकली, आयर्लंडची वेळ ६ मिनिटे ३१.२३ सेकंद, आणि नॉर्वेची बोट त्यांच्यामागे केवळ ०.१६ सेकंदावर. अकराव्या क्रमांकापासून रौप्यपदकापर्यंतचे हे अंतर एका वर्षात कापले गेले, ही बाब या गटाविषयी बरेच सांगते. सगळ्यांची वजने जवळपास सारखी असल्यामुळे पहिल्या आणि बाराव्या बोटीमधला फरक लहान असतो, आणि एका चांगल्या हिवाळ्याच्या सरावाने तो भरून काढता येतो.

त्या दिवसांत दोघा भावांच्या मुलाखती जगभर पाहिल्या गेल्या. डावपेच काय, असे विचारल्यावर पॉलने दिलेले उत्तर, की डोळे मिटायचे आणि कुत्र्यासारखे ओढत राहायचे, आयर्लंडमध्ये टी-शर्टांवर छापले गेले. हे गमतीचे उत्तर लोकांनी खरे मानले. प्रत्यक्षात त्यांच्या शर्यती फार हिशेबी असत. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती साधारण घनाच्या पटीत. म्हणजे बोट पाच टक्क्यांनी वेगात न्यायची तर सुमारे सोळा टक्के जास्त जोर लागतो. यामुळे दोन हजार मीटर शक्य तितक्या समान वेगाने जाणे हेच सर्वांत स्वस्त पडते. तरीही बहुतेक जोड्या सुरुवातीला उसळी घेतात, कारण रोइंगपटू पाठमोरा बसतो आणि पुढे असलेल्यालाच मागचे प्रतिस्पर्धी दिसतात. मागे पडलेल्याला काहीच दिसत नाही. ओ'डॉनव्हन ज्या बोटीत बसला ती बोट पहिल्या पाचशे मीटरवर अनेकदा मागे असे, आणि तिसऱ्या पाचशेमध्ये इतरांची गती उतरू लागली की ती पुढे येई. प्रतिस्पर्धी नजरेआड असताना स्वतःच्या हिशेबावर विश्वास ठेवण्याची ही सवय, हा मला त्याच्या खेळाचा खरा गाभा वाटतो.

त्याच सरोवरावर, त्याच आठवड्यात, नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सिंगल स्कल्सच्या खुल्या गटात तेरावा आला होता. ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बोटीसाठी लाइटवेट गट नव्हता. एकट्याने जायचे तर खुल्या गटातच जावे लागे. पॉललाही हीच अट लागू होती. रिओच्या शर्यतीनंतर साधारण दोन आठवड्यांत तो रॉटरडॅम येथे जागतिक स्पर्धेत एकट्याच्या लाइटवेट बोटीत बसला आणि विजेता झाला. पुढच्या वर्षी अमेरिकेतील सारासोटा येथे त्याने तेच विजेतेपद राखले. ही दोन्ही सुवर्णपदके ऑलिंपिकच्या बाजारात मात्र चालत नव्हती.

भावाची जागा

२०१७ च्या निर्णयाचा पहिला फटका मार्क ओ'डॉनव्हन आणि शेन ओ'ड्रिस्कॉल यांना बसला. (मार्क हा पॉलचा भाऊ नव्हे, त्या भागात हे आडनाव घरोघरी आहे.) दोघांनी सारासोटामध्ये लाइटवेट पेअर, म्हणजे प्रत्येकी एकच वल्हे असलेली दोघांची बोट, हिचे जागतिक विजेतेपद मिळवले होते. ती शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच, आणि चौघांची बोट रद्द झाल्यावर त्यांना लाइटवेट म्हणून कोणताच मार्ग उरला नाही. जगज्जेतेपदानंतर लगेच त्यांनी वजन वाढवून खुल्या गटात जाण्याचा निर्णय घेतला. टोकियोला त्यांची बोट पोहोचली नाही. या दोघांचे उदाहरण महत्त्वाचे आहे, कारण ‘वजन वाढवा आणि खुल्या गटात जा’ हा सल्ला देणे सोपे असते. जगातल्या सर्वोत्तम लाइटवेट जोडीलाही तो पचला नाही.

दुसरा फटका घरातच बसला. २०१८ मध्ये बल्गेरियातील प्लोव्हदिव्ह येथे पॉल आणि गॅरी डबल स्कल्सचे जगज्जेते झाले. ऑलिंपिकचे रौप्य आणि जगज्जेतेपद हातात असलेल्या जोडीला कोणी हात लावणार नाही, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते. पण पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातील ओटेन्सहाइम येथे जागतिक स्पर्धेत पॉलच्या बोटीत गॅरीच्या जागी फिंटन मॅकार्थी होता, आणि ही नवी जोडीही जगज्जेती झाली. त्याच शर्यतीतून आयर्लंडला टोकियोचा प्रवेश मिळाला.

इथे एक तांत्रिक बाब समजून घेतली पाहिजे. रोइंगमध्ये ऑलिंपिकची जागा देशाची असते, खेळाडूंची नसते. ओटेन्सहाइमला पात्रता मिळवून देणारे दोघेच टोकियोला जातील असे बंधन नव्हते. आणि महासाथीमुळे ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकलले गेल्यावर निवडीचा ताणही एक वर्ष लांबला. अखेर फिंटनची जागा कायम राहिली. सख्ख्या भावाबरोबर २०१८ मध्ये जग जिंकलेला माणूस आता आपल्याच गावातल्या, आपल्यापेक्षा धाकट्या मुलासोबत बसणार आणि भाऊ काठावर राहणार, या निवडीत पॉलच्या मताचा वाटा किती होता याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. बोटीची वेळ मोजणारे घड्याळ नाते ओळखत नाही एवढे मात्र तिथे स्पष्ट झाले. चौघांची बोट राहिली असती, तर गॅरी, फिंटन, जेक, मार्क आणि शेन यांच्यातून ती भरली असती आणि या प्रकरणात सांगण्यासारखे फारसे काही उरले नसते.

लाइटवेट गट खेळाडूंच्या शरीरांना एका साच्यात बसवतो असे नेहमी म्हटले जाते. स्किबरीनच्या उदाहरणात तो माणसांमधल्या नात्यांनाही अरुंद जागेत कोंबताना दिसतो. एकाच वजनाची, एकाच प्रशिक्षकाने घडवलेली, एकाच नदीवर वाढलेली मुले एकमेकांचे सर्वोत्तम सराव-सोबती असतात आणि नेमक्या त्याच कारणाने एकमेकांचे थेट प्रतिस्पर्धीही. या दाटीमुळेच आयर्लंडची बोट इतकी वेगवान झाली, हेही नाकारता येणार नाही. रोज सकाळी आपल्या जागेवर डोळा ठेवून असलेला माणूस शेजारच्या बोटीत असेल, तर हिवाळ्यातला एकही सराव सैल जात नाही.

टोकियो: एकाच शर्यतीतील दोन जोड्या

टोकियोच्या सी फॉरेस्ट वॉटरवेवर वादळाच्या शक्यतेने वेळापत्रक बदलले आणि लाइटवेट डबलची उपांत्य फेरी २८ जुलै २०२१ रोजी झाली. सामान्य खेळाडूला एक दिवसाचा विलंब म्हणजे जास्तीची विश्रांती; लाइटवेट खेळाडूला तो आणखी एक दिवस मोजून-मापून खाण्याचा. त्या उपांत्य फेरीत पॉल आणि फिंटन यांनी ६ मिनिटे ५.३३ सेकंद अशी या गटातील जगातली तोवरची सर्वोत्तम वेळ नोंदवली. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम येथे क्रोएशियाच्या सिंकोविच बंधूंनी खुल्या गटातील डबल स्कल्समध्ये ५ मिनिटे ५९.७२ सेकंदांची वेळ दिली होती. वारा आणि पाणी रोज वेगळे असल्याने अशा वेळांची तुलना सांभाळूनच करावी लागते, तरीही कितीतरी जड आणि उंच पुरुषांपेक्षा फक्त साडेपाच सेकंदांनी मागे असलेली बोट ‘हलक्या’ लोकांची आहे हे लक्षात घेतले, तर या गटाला दुय्यम समजणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे ते कळते.

त्याच उपांत्य शर्यतीत, त्याच पाण्यावर, भारताची जोडी होती. अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंह हे दोघे भारतीय सैन्यातले, पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगमधील आर्मी रोइंग नोड या सैन्याच्या रोइंग केंद्रावर, इस्माईल बेग यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले. त्यांची वेळ ६ मिनिटे २४.४१ सेकंद आणि क्रमांक सहावा. आयर्लंडच्या बोटीच्या वेगाने मोजले तर या एकोणीस सेकंदांचे अंतर शंभर मीटरहून थोडे अधिक भरते. दुसऱ्या दिवशी ब गटाच्या, म्हणजे सातव्या ते बाराव्या क्रमांकासाठीच्या, अंतिम शर्यतीत पाचवे येऊन ते एकूण अकरावे ठरले. ऑलिंपिक रोइंगमधील ही भारताची तोवरची सर्वोत्तम कामगिरी होती.

अकरावा क्रमांक म्हणजे सहा वर्षांपूर्वी एग्बलेतवर ओ'डॉनव्हन बंधूंचा जो क्रमांक होता तोच. यावरून ‘आपणही एका वर्षात पदक मिळवले असते’ असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. ते बंधू बालपणापासून वल्हवत होते, आणि अकरावे येत असताना त्यांच्यावर मागून दबाव टाकणारी आणखी चार-पाच माणसे त्यांच्याच गावात होती. आपल्याकडे बहुतेक रोइंगपटू सैन्यात भरती झाल्यानंतर, म्हणजे विशीच्या आसपास, पहिल्यांदा बोटीत बसतात. दत्तू भोकनळने सैन्यात येण्यापूर्वी रोइंग पाहिलेही नव्हते. अशा प्रवासातून चार-पाच वर्षांत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचणे हे पुण्यातील त्या केंद्राचे मोठे यश आहे, आणि उरलेले एकोणीस सेकंद हे बहुधा बालपणाचे आहेत. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच जोडीने ६ मिनिटे २८.१८ सेकंदांत रौप्यपदक मिळवले; सुवर्ण विजेते चीनचे खेळाडू पाच सेकंदांनी पुढे होते.

२९ जुलैच्या अंतिम शर्यतीत जर्मनीच्या योनाथन रोमेलमान आणि जेसन ऑस्बोर्न यांनी पहिले हजार मीटर आघाडी घेतली. त्यानंतर आयर्लंडची बोट नेहमीप्रमाणे पुढे आली आणि ६ मिनिटे ६.४३ सेकंदांत जिंकली, अंतर ०.८६ सेकंद. तिसऱ्या आलेल्या इटलीच्या जोडीला आणखी सात सेकंद लागले, म्हणजे ही दोघांचीच शर्यत होती. रोइंगमधले आयर्लंडचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. हरलेल्या ऑस्बोर्नने पुढे रोइंग सोडून व्यावसायिक सायकलिंग पत्करले, आणि मला तो निर्णय त्या वेळी जितका विचित्र वाटला तितका आता वाटत नाही. दमदार फुप्फुसे आणि ७० किलोंचे शरीर घेऊन जाण्यासारखा तो एक खेळ आहे, जिथे हलके असणे डोंगरावर चढताना कामी येते.

पॅरिस आणि त्यानंतर

पॉलने डब्लिनमध्ये फिजिओथेरपीची पदवी घेतली आणि त्यानंतर कॉर्कच्या विद्यापीठात वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला. सुवर्णपदक विजेता खेळाडू ऐन भरात असताना वैद्यकीय अभ्यासक्रम करतो हे वरवर पाहता सरावाला मारक वाटते. माझे मत उलट आहे. ज्याचे उत्पन्न, ओळख आणि दिवसाचा प्रत्येक तास काट्यावरच्या आकड्याशी बांधलेला असतो, त्याला तो आकडा खाऊ लागतो. लाइटवेट खेळाडूंमध्ये, विशेषतः महिलांमध्ये, शरीराला आवश्यक ऊर्जा न मिळाल्याने हाडे ठिसूळ होणे, पाळी थांबणे आणि मन खचणे या तक्रारी क्रीडावैद्यकाला चांगल्या परिचयाच्या आहेत. दुसरा व्यवसाय उभा राहत असेल तर खेळाडूला वजन हे एक काम म्हणून सांभाळता येते. हे सर्वांना परवडेल असे नाही. आपल्या सैनिक-खेळाडूंना नोकरीची हमी असते ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे, आणि त्या व्यवस्थेला नावे ठेवणाऱ्यांनी ती विसरू नये.

२ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसजवळच्या व्हेर-सुर-मार्न येथे पॉल आणि फिंटन यांनी ६ मिनिटे १०.९९ सेकंदांत सुवर्ण राखले. सलग दोन ऑलिंपिकमध्ये आपले सुवर्ण राखण्याची किमया आयर्लंडसाठी त्यापूर्वी फक्त हातोडाफेकपटू पॅट ओ'कॅलाहन यांनी १९२८ आणि १९३२ मध्ये केली होती, आणि तीन वेगवेगळ्या ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारा पॉल हा त्या देशाचा पहिला खेळाडू. तीनच आठवड्यांत तो कॅनडातील सेंट कॅथरिन्स येथे पुन्हा एकट्याच्या लाइटवेट बोटीत बसला आणि सातव्यांदा जगज्जेता झाला. महासाथीमुळे २०२० आणि २०२१ मध्ये ही स्पर्धाच झाली नाही. २०१६ ते २०२४ या काळात जेव्हा जेव्हा ती झाली तेव्हा तेव्हा तो जिंकला आहे, कधी एकटा, कधी भावाबरोबर, कधी फिंटनबरोबर.

पॅरिसची ती शर्यत पुरुषांसाठी ऑलिंपिकमधील शेवटची लाइटवेट शर्यत होती. लढतीचे खेळ आणि भारोत्तोलन सोडले तर वजनाचे गट नकोत, ही ऑलिंपिक समितीची भूमिका जुनीच आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत लाइटवेटऐवजी समुद्रकिनाऱ्यावरून धावत जाऊन बोटीत बसण्याची बीच स्प्रिंट ही शर्यत येत आहे. सहाच्या दोन झालेल्या जागा आता शून्यावर आल्या. ज्या दोघांच्या बोटीसाठी स्किबरीनमध्ये भावाभावांत स्पर्धा झाली, ती बोटच राहिली नाही. खुल्या गटातील आयर्लंडची डबल स्कल्सही रिकामी नाही. पॅरिसमध्ये फिलिप डॉइल आणि डेअर लिंच यांनी त्यात कांस्यपदक मिळवले आहे. शिवाय लाँग बीचवरील जागेच्या मर्यादेमुळे २०२८ ची शर्यत दोन हजारांऐवजी पंधराशे मीटरची असेल. कमी अंतराची शर्यत जोरकस, जड खेळाडूंना अधिक मानवते, आणि उत्तरार्धात पुढे येणाऱ्या हलक्या जोडीसाठी उत्तरार्धच आखूड होतो.

भारताच्या दृष्टीने हिशेब आणखी कडक आहे. २००८ मध्ये बीजिंगला, २०१२ मध्ये लंडनला आणि २०२१ मध्ये टोकियोला आपली लाइटवेट डबल गेली होती. याच काळात खुल्या गटातील आपल्या सर्व ऑलिंपिक प्रवेशिका एकट्याच्या बोटीच्या होत्या. पदके युरोपाने नेली तरी प्रवेशाचा अर्धा दरवाजा या गटाने आपल्यासाठी उघडा ठेवला होता, आणि म्हणून तो उदार हेतू पूर्णपणे फसला असे मला म्हणवत नाही. पॅरिसला पुण्यात तयार झालेला बलराज पंवार एकटा गेला आणि तेविसावा आला. आता पुण्यातील दापोडीच्या त्या सैन्य-केंद्रात भरतीच्या वेळी उंचीची पट्टी आधी लावावी लागेल, आणि पाच फूट दहा इंचांचा, ७० किलोंचा, दम असलेला जवान समोर उभा राहिला तर त्याला रोइंगकडे वळवायचे की सायकलकडे, हे प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी ठरवावे लागेल.